फलकावर काय लिहावं: अभिजात, विंटेज की जुन्या?

प्रश्न असा आला आहे: 'आम्ही काही मित्र मिळून गावात क्लासिक मोटारींचं प्रदर्शन भरवतोय. फलकावर "अभिजात मोटारींचे प्रदर्शन" असं लिहून घेतलं. आता एकाला त्याची २०२१ सालची थार आणायची आहे. ती जीपच्या घराण्यातली, म्हणून अभिजातच, असं तो म्हणतो. त्याचं चुकतंय की आमचा शब्द?'

तुमचा शब्द. त्या मित्राने 'अभिजात'चा अर्थ अगदी बरोबर लावला आहे. अभिजात म्हणजे चांगल्या कुळात जन्मलेला. शब्दात जन्म आहे, कुळ आहे, वयाचा मात्र मागमूस नाही. महिंद्रांनी १९४७ मध्ये विलीज जीप जुळवायला घेतली, तिथून थारपर्यंतची वंशावळ सहज सांगता येते. तेव्हा या शब्दाच्या आधारावर त्याला फाटकाशी अडवता येणार नाही.

मग 'अभिजात' म्हटलं की आपल्याला जुनं का आठवतं? ३ ऑक्टोबर २०२४ ला मराठीला अभिजात भाषेचा दर्जा मिळाला. त्याच्या निकषांत दीड ते दोन हजार वर्षांच्या प्राचीन वाङ्मयाची अट होती, आणि त्याआधी कितीतरी वर्षं आपण ती चर्चा ऐकत होतो. त्यातून वय या शब्दाला येऊन चिकटलं. गंमत म्हणजे 'क्लासिक'चंही असंच झालं. लॅटिनमध्ये 'क्लासिकुस' म्हणजे रोमन नागरिकांच्या वरच्या वर्गातला. पुढे तो शब्द वरच्या दर्जाच्या लेखकांना लागला, आणि ते लेखक जुने होते म्हणून त्याला जुनेपणाचा वास आला. भाषांतर म्हणून 'अभिजात' उत्तम आहे, पण क्लासिकमधली संदिग्धताही तो जशीच्या तशी घेऊन येतो.

'विंटेज' हा मुळात द्राक्षांच्या तोडीचा शब्द. नाशिककडच्या बागायतदाराला तो समजावून सांगावा लागणार नाही: ऑक्टोबरमध्ये छाटणी, फेब्रुवारी-मार्चात तोड, आणि त्या एका हंगामाचा माल तो त्याच हंगामाचा. वाइनच्या बाटलीवर साल लिहितात ते यासाठी. ब्रिटनमधल्या मोटारप्रेमींनी हा अर्थ कसोशीने जपला. त्यांच्या लेखी १९१९ ते १९३० मधली गाडी विंटेज. १९३१ ची गाडी शंभर वर्षांची झाली तरी ती विंटेज होत नाही, कारण तो हंगाम संपला. आपल्याकडे केंद्र सरकारने २०२१ मध्ये नियम केला, तो वेगळा आहे. पहिल्या नोंदणीपासून पन्नास वर्षं झालेली आणि मूळ रूपात राखलेली गाडी विंटेज, नंबरपाटीवर 'व्हीए' ही अक्षरं. म्हणजे आपला विंटेज दरवर्षी पुढे सरकतो. डिसेंबर १९८३ मध्ये रस्त्यावर आलेली पहिली मारुती ८०० डिसेंबर २०३३ मध्ये विंटेज होईल. दोन्ही व्याख्या आपापल्या जागी ठीक आहेत, पण तुमच्या मैदानावर फियाट आणि अ‍ॅम्बॅसिडर जास्त असणार. त्यातल्या बऱ्याच या दोन्ही व्याख्यांत बसणार नाहीत. म्हणून हाही शब्द नको.

राहिला 'जुना', आणि माझा कौल त्यालाच आहे. संस्कृत 'जीर्ण'च्याच कुळातला हा शब्द, प्राकृतात 'जुण्ण' झाला आणि मराठीत 'जुना'. पण जीर्णात झिजणं आहे, जुनाटात कंटाळा आहे (आजाराला जुनाट म्हणतो, मित्राला नाही), आणि जुन्यात ओळख आहे. माझ्या मामाची फियाट होती. गिअरचा दांडा स्टिअरिंगला, दुसरा टाकताना तो तळहाताने हलकेच आपल्याकडे ओढायचा, आणि थंडीत चोकचं बटण बाहेर ओढून धरायचा. 'पद्मिनी' हे नाव मागे पत्र्यावर होतं, घरात ते कुणी उच्चारल्याचं मला आठवत नाही. मामा पाहुण्यांना सांगायचा, 'आपली जुनी गाडी आहे.' त्यात कमीपणा नव्हता, उलट छाती थोडी पुढे आलेली असायची.

एक अडचण मात्र 'जुन्या'तही आहे. मुंबईतली शेवटची पद्मिनी टॅक्सी २९ ऑक्टोबर २००३ ला ताडदेवच्या आरटीओत नोंदवली गेली. टाटांची इंडिका त्याआधी, १९९८ मध्येच आली होती. नुसतं नोंदणीचं साल धरलं तर इंडिका जुनी आणि पद्मिनी नवी ठरते, आणि हे कुणाच्याही डोळ्याला पटणार नाही. म्हणून साल नोंदणीचं न धरता घडणीचं धरा, म्हणजे ते मॉडेल पहिल्यांदा कधी बनलं ते. फलकावर 'जुन्या मोटारींचे प्रदर्शन' आणि त्याखाली लहान अक्षरांत 'घडण १९९० पूर्वीची'. साल तुम्ही बदला, पण 'घडण' हा शब्द ठेवा.

आता थार. 'आधुनिक' हा शब्द 'अधुना' म्हणजे 'आत्ता' यावरून आला. आत्ताची गाडी जुन्यांच्या रांगेत मला नको वाटते. त्या रांगेतल्या प्रत्येक गाडीला कुणीतरी भंगारात जाण्यापासून वाचवलेलं असतं, सुटे भाग शोधत गावोगाव हिंडलेलं असतं. शोरूममधून आलेल्या गाडीच्या वाट्याला ते अजून आलेलं नाही. पण तुमच्याकडे कुणाची जुनी विलीज येणार असेल तर थार तिच्या शेजारी, एक पाऊल मागे उभी करा आणि पाटीवर लिहा 'हिची नात'. लहान मुलं तिथे सगळ्यात जास्त वेळ थांबतील, आणि त्या मित्राचा 'अभिजात'ही योग्य जागी वापरला जाईल.