कानबाईच्या रोटांना भावकीनं बोलावलं, तर ख्रिस्ती माणसानं जावं का?

जरूर जा, पण सहभाग कशात ते आधी ठरवा. कानबाई ही खानदेशातली देवी; श्रावणात ती घरी बसते, म्हणजे तिची स्थापना होते, तेव्हा अख्खी भावकी गावी जमते. पाहुण्यांचं बघणं, पाणी भरणं, म्हाताऱ्यांजवळ बसणं ही माणसांची सेवा झाली. रोट मात्र नुसतं जेवण नाही, देवीचा नैवेद्य आहे.

बायबलमध्ये १ करिंथ १०:२५-२९ मध्ये प्रेषित पौल हीच रेघ ओढतो: बाजारातलं चौकशी न करता खा, पण 'हे अर्पण केलेलं आहे' असं कुणी सांगितलं तर खाऊ नका, त्या सांगणाऱ्याच्या विवेकासाठी.

बहुतेकांचं बिनसतं ते ऐन पंगतीत नकार दिल्यानं. घरच्यांना तो अपमान वाटतो, आणि ते साहजिकच आहे. म्हणून घरातल्या थोरल्यांना आठवडाभर आधी, एकट्यात, हात जोडून सांगा.