४० जणांचं ऑफिस शनिवार-रविवारात हलवायचं आहे. पॅकर्सशी बोलताना काय काय ठरवून घ्यावं?

पुण्यात शिवाजीनगरच्या चौथ्या मजल्यावरून बाणेरच्या सहाव्या मजल्यावर जायचं आणि सोमवारी सकाळी काम सुरू करायचं, असं तुम्ही लिहिलंय. अंतर किरकोळ आहे, त्यामुळे गाडीची फार चिंता नको. वेळ खाते ती लिफ्ट, आणि सोमवार बुडतो तो इंटरनेटमुळे.

म्हणून पॅकर्सना फोन करण्याआधी नव्या जागेच्या इंटरनेट लाइनचा अर्ज टाका. लीज्ड लाइन (फक्त तुमच्या ऑफिससाठीची स्वतंत्र लाइन) असेल तर किमान ४५ दिवस हातात ठेवा. केबल बिल्डिंगपर्यंत आलेली असली तरी डक्टमधून (केबलसाठीच्या उभ्या पोकळीतून) वर न्यायची परवानगी वेगळी लागते. स्टॅटिक आयपी (इंटरनेटवरचा ऑफिसचा कायमचा पत्ता) बदलणार असेल तर बँक, व्हीपीएन (बाहेरून ऑफिसच्या नेटवर्कला सुरक्षित जोडणी) आणि ज्या ज्या ठिकाणी जुना आयपी नोंदवलाय त्यांची यादी आत्ताच करा. जुनी लाइन महिनाअखेरपर्यंत चालू ठेवा. पैसे वाचवायची ही जागा नव्हे.

आता लिफ्टचा हिशोब. माणसामागे अडीच खोकी धरली तर १०० खोकी, शिवाय ४० खुर्च्या, टेबलं, कपाटं. आठ माणसांच्या लिफ्टवर ५४४ किलो लिहिलेलं असतं, पण वजनाआधी जागाच संपते. ७०-८० फेऱ्या सहज होतात. भरणं-रिकामं करणं धरून फेरीला ५ मिनिटं, म्हणजे नुसतं उतरवायलाच सहा-साडेसहा तास. चढवायला पुन्हा तेवढेच. एकच टोळी दोन्हीकडे पळवली तर रविवारची रात्र होते, तेव्हा जुन्या आणि नव्या जागेसाठी दोन वेगळ्या टोळ्या मागा. दोन्ही बिल्डिंगकडून सामानाच्या लिफ्टची वेळ, डिपॉझिट आणि गेट पास लेखी घ्या. लिफ्टचं दार टेपने मोजा. कॉन्फरन्स टेबलाचा आठ फुटी टॉप आत मावत नाही आणि मग जिन्यावरून न्यायचे जादा पैसे ऐनवेळी सांगितले जातात.

फोनवर सांगितलेला दर धरू नका, सर्व्हेला माणूस बोलवा. कोटेशनमध्ये खोक्यांची संख्या, किती हमाल, गाडी १४ फुटी की १७ फुटी, खोलणं-जोडणं, थांबण्याचे पैसे, रिकामी खोकी परत नेणं आणि जीएसटी हे सगळं लिहून घ्या.

सर्वात जास्त मोडतोड मॉड्युलर वर्कस्टेशनची होते. पार्टिकल बोर्डात स्क्रू एकदा काढून परत त्याच भोकात पिळला की पकड राहत नाही, दुसऱ्यांदा तर भुगाच होतो. मूळ फर्निचरवाल्याचाच फिटर बोलवा, प्रत्येक टेबलाचे स्क्रू-क्लॅम्प झिपच्या पिशवीत घालून त्याच टेबलाच्या पायाला चिकटवा. एसी, कॉपियर आणि यूपीएस पॅकर्सच्या हाती देऊ नका. एसीचा गॅस बाहेरच्या युनिटमध्ये ओढून घ्यायला मेकॅनिक लागतो. कॉपियर टोनर न काढता आडवा केला तर पावडर आतभर पसरते. यूपीएसच्या बॅटऱ्या सोडवून टर्मिनलला टेप लावा आणि उभ्याच न्या. सर्व्हरचा बॅकअप दोन ठिकाणी घ्या, हार्ड डिस्क काढल्यास स्लॉटचा नंबर लिहा, आणि सर्व्हर आपल्याच माणसाच्या गाडीतून न्या.

नंबर खोक्याच्या वर नको, दोन बाजूंना लिहा. रचल्यावर वरचं दिसत नाही. नव्या जागेचा नकाशा काढून प्रत्येक टेबलाला नंबर द्या, तोच नंबर खोक्यावर आणि खुर्चीवर. मॉनिटरची वायर मॉनिटरलाच बांधा. (हे एकच ऐकलंत तरी सोमवारची निम्मी बोंबाबोंब टळेल.)

कागदपत्रांकडे बहुतेकांचं दुर्लक्ष होतं. घरसामानाला ई-वे बिलातून (माल नेताना जीएसटी पोर्टलवर करायची नोंद) सूट आहे, ऑफिसच्या सामानाला नाही. महाराष्ट्रातल्या महाराष्ट्रात १ लाखाच्या वर किंमत असेल तर, विक्री नसली तरी, डिलिव्हरी चलन (बिलाऐवजी सोबत न्यायचा मालाचा कागद) आणि ई-वे बिल करा. जीएसटीत पत्ता १५ दिवसांत बदलायचा असतो, कंपनीचं नोंदणीकृत कार्यालय असेल तर कंपनी निबंधकाकडे आयएनसी-२२ हा फॉर्म ३० दिवसांत.

विमा हा शब्द कोटेशनमध्ये दिसला की पॉलिसी कोणत्या विमा कंपनीची ते विचारा. पुष्कळदा टक्केवारी घेतात आणि पॉलिसी निघतच नाही. बिल्टीवर (वाहतूकदाराच्या पावतीवर) ‘ओनर्स रिस्क’, म्हणजे जोखीम मालकाची, असं छापलंय का बघा. सामानाची किंमत आयटमवार लिहून द्या. ती न सांगता माल दिलात तर भरपाई मर्यादितच मिळू शकते.

२० ते २५ टक्के रक्कम खोकी मोजून होईपर्यंत हातची सोडू नका. फुटतूट दिसली तर बिल्टीवर सही करण्याआधी तिथेच लिहा आणि फोटो काढा. हमाल घाईत असतील, असू द्या.