सल्ला गॅरेजचा : चौथ्यात गप्प, बाकीच्यांत घुंघुं

प्रश्न : मी बर्मिंगहॅमला असतो. माझी १९७१ची एमजीबी ही जुनी ब्रिटिश स्पोर्ट्स कार पहिल्या तीन गिअरांत घुंघुं करते, चौथ्यात गप्प. दुसरा टाकताना खरखरते. गिअरबॉक्स उघडू का?

उत्तर : उघडाच, आणि लवकर. चौथ्यात इंजिनाचा जोर मेनशाफ्टमधून, म्हणजे गिअरबॉक्सच्या मुख्य दांड्यातून, सरळ मागे जातो. खालच्या तिन्ही गिअरांत तो लेशाफ्टवरून, म्हणजे शेजारच्या दुसऱ्या दांड्यावरून, फिरून येतो. म्हणून संशय लेशाफ्टच्या नीडल बेअरिंगवरच (बारीक सळ्यांचं बेअरिंग). लेशाफ्टवरून नख फिरवा. खळगे लागले तर नुसती बेअरिंग बदलू नका, शाफ्टही नवाच घाला. खरखर बहुधा दुसऱ्या गिअरच्या सिंक्रो रिंगची; गिअर पडताना दोन्ही भागांचा वेग जुळवणारी ही पितळी रिंग.

या गाडीत इंजिन आणि गिअरबॉक्स जोडीनेच वर उचलावे लागतात. तेव्हा क्लचप्लेट आणि कार्बनचं रिलीज बेअरिंग (क्लच दाबला की तो सोडवणारं) त्याच खेपेला बदला. मी एकदा ते बेअरिंग ‘चालेल अजून’ म्हणून ठेवलं आणि आठ महिन्यांत सगळं पुन्हा उतरवलं. ते मला आजही टोचतं.

गिअरबॉक्सात ऑइल मात्र इंजिनाचंच, २०-५० जाडीचं. जीएल-५ हे गिअर ऑइल मागच्या अ‍ॅक्सलला घाला. गिअरबॉक्सच्या पितळी सिंक्रो रिंगांना ते बाधू शकतं. गाडी जोडायच्या आधी गिअरबॉक्सपासून मागच्या अ‍ॅक्सलपर्यंत जाणाऱ्या दांड्याचे सांधे, म्हणजे युनिव्हर्सल जॉइंटही हाताने हलवून बघा.