दहा वर्षांचीही सेवा नाही : ‘सेलम’ क्रूझरविषयी वाचकांचे प्रश्न

प्रश्न : अमेरिकेची ‘सेलम’ ही हेवी क्रूझर (८ इंची तोफांची मोठी युद्धनौका) मे १९४९ मध्ये नौदलात दाखल झाली आणि जानेवारी १९५९ मध्ये निवृत्तही झाली. इतकी नवी युद्धनौका एवढ्या लवकर बाजूला का काढली?

उत्तर : वयाच्या मानाने ती तरुणच होती. पण तिचा कणा जुलै १९४५ मध्ये बसवला आणि पुढच्याच महिन्यात जपानने शरणागती पत्करली. ज्या युद्धासाठी तिची आखणी झाली, ते तिच्या जलावतरणाआधीच संपले. या ‘दे मॉइन’ वर्गाच्या, म्हणजे एकाच आराखड्याच्या, १२ नौका ठरल्या होत्या, पूर्ण झाल्या ३.

खरी अडचण माणसांची. जहाजावर सुमारे १,८०० जण लागत आणि एवढ्या मनुष्यबळाच्या बदल्यात मारा मिळे सुमारे २७ किलोमीटरचा. विमानवाहू नौकेवरची विमाने त्याच्या कितीतरी पट दूर पोचत. शिवाय १९५५-५६ मध्ये ‘बोस्टन’ आणि ‘कॅनबेरा’ या वयाने मोठ्या क्रूझरवर मागचा टरेट (तोफांचा फिरता बुरूज) उतरवून टेरियर ही विमानविरोधी क्षेपणास्त्रे बसवली गेली. सेलमच्या बाबतीत तसे करणे म्हणजे तिचे सर्वात मोलाचे अंगच कापणे झाले असते.

प्रश्न : मोलाचे म्हणजे तिच्या तोफा? त्यांत वेगळे काय होते?

उत्तर : होय, आणि आमच्या मते तोफांच्या इतिहासातले हे फार मोठे काम आहे. आधीच्या ८ इंची तोफांत गोळा भरायचा, मग दारूच्या पिशव्या सरकवायच्या. त्यासाठी प्रत्येक वेळी नळी ठराविक कोनावर खाली आणावी लागे. मिनिटाला ३-४ गोळे सुटले तरी खूप. सेलमच्या मार्क १६ तोफेत दारू पितळी नळकांड्यात बंद असे. गोळा आणि नळकांडे यांत्रिक उद्‌वाहकाने वर येत, रॅमर दोन्ही आत ढकले, ब्रीच (नळीचे मागचे दार) आपोआप बंद होई. नळी कितीही वर उचललेली असली तरी भरणे थांबत नसे. वेग मिनिटाला १० गोळे. तीन टरेटमधल्या ९ तोफा मिळून ९०. चिलखतभेदी गोळा १५२ किलोचा, म्हणजे मिनिटाला साडेतेरा टनांहून अधिक लोखंड. किंमत मोजावी लागली ती वजनाची : टरेट बरेच जड झाले, म्हणून जहाजही वाढले. लांबी २१८ मीटर, मानक विस्थापन (इंधनाविना जहाजाचे वजन) सुमारे १७,००० टन.

प्रश्न : मग ‘न्यूपोर्ट न्यूज’ ही तिची बहीण १९७५ पर्यंत कशी टिकली?

उत्तर : ती अमेरिकी नौदलाच्या ‘दुसऱ्या आरमारा’ची (सेकंड फ्लीट) ध्वजनौका, म्हणजे सेनापतीची नौका, होती, आणि व्हिएतनामच्या किनाऱ्यावर मारा करायला मोठ्या तोफा हव्याच होत्या. तिथेच १ ऑक्टोबर १९७२ रोजी दुसऱ्या टरेटच्या मधल्या तोफेत गोळा नळीतच फुटला. कारण त्याचा सदोष फ्यूज (गोळा फोडणारी कळ). आग टरेटभर पसरली आणि २० नौसैनिक गेले. तो टरेट पुन्हा कधीच दुरुस्त झाला नाही.

प्रश्न : सेलम आता कुठे आहे?

उत्तर : १९९१ पर्यंत राखीव ताफ्यात होती. १९९४ पासून मॅसॅच्युसेट्समधील क्विन्सी येथे, जिथे ती बांधली गेली तिथेच, संग्रहालय म्हणून उभी आहे. या वर्गातली तेवढीच उरली.