भरतकामाची कात्री : आधी टोक बघा

तुम्ही लिहिलंय की मॅटीवरचं (म्हणजे धागे मोजता येतील अशा चौकटीदार विणीच्या कापडावरचं) क्रॉस स्टिच बऱ्यापैकी जमतंय, आता टेबलक्लॉथवर कटवर्क, म्हणजे टाक्यांच्या आतलं कापड कापून काढायची नक्षी, घेतलंय, पण ऑनलाइन मागवलेली करकोच्याच्या आकाराची सोनेरी कात्री थोड्याच दिवसांत दोरा कापायच्या ऐवजी चावायला लागली. पुढे ब्लाउजवर आरीचं, म्हणजे आकडीच्या सुईने करायचं जर-मोत्यांचं कामही करायचंय. लेक डावखुरी आहे, तिलाही शिकायचंय. आणि प्रश्न असा, की मेरठची घ्यावी, जर्मन घ्यावी, की सरळ टेलरकडे असतो तसला दोऱ्याचा कटर घ्यावा?

कुठलीही घ्या, पण आधी तिचं टोक बघा. कापड बेतायची कात्री मुळापासून टोकापर्यंत चालते. आपली कात्री चालते ती शेवटच्या तीन-चार मिलिमीटरवर. तेवढ्या जागेत दोन्ही पाती एकमेकांना नीट भिडत नसतील, तर मूठ सोन्याची असली तरी उपयोग नाही. स्वस्त करकोच्यात नेमकी हीच गोम असते. पाती साच्यात ठोकून काढलेली, वर मुलामा, आणि टोकं जुळवायला कोणी वेळ घातलेला नसतो. त्या आकारात वाईट काही नाही. एकोणिसाव्या शतकात युरोपातल्या सुईणी नाळेला लावायला करकोच्याच्या आकाराचा चिमटा वापरत, तोच आकार पुढे शिवणाच्या डब्यातल्या कात्रीवर आला असं सांगतात. चांगल्या कारखान्याचा करकोचा उत्तम कापतो. मला त्याच्या बोटं घालायच्या कड्या लहान पडतात, ती गोष्ट वेगळी.

दुकानात गेलात तर कात्री उजेडासमोर मिटून धरा. दोन पात्यांच्या मधे, स्क्रूपासून टोकापर्यंत, बारीकशी फट दिसली पाहिजे आणि टोकाला ती मिटली पाहिजे. पाती किंचित बाक देऊन बनवलेली असतात, म्हणजे कापताना ती एका वेळी एकाच बिंदूवर घासतात. पूर्ण सपाट चिकटलेली दिसली तर ती कात्री ठेवून द्या. मग अर्धी उघडून एक कडी हातात आडवी धरा आणि दुसरी सोडा. सुटलेलं पातं सावकाश खाली यायला हवं. धाडकन पडलं तर स्क्रू ढिला, हललंच नाही तर फार आवळलेला. स्क्रू असेल तर तो जुळवता येतो. स्क्रूऐवजी रिव्हेट, म्हणजे कायमची खीळ, ठोकलेली असेल तर पुढे ढिली पडली की संपलीच, म्हणून मी रिव्हेटवाली घेतच नाही.

शेवटची परीक्षा दोऱ्याची. पर्समध्ये भरतकामाच्या दोऱ्याचा तुकडा ठेवा. आपली लडी सहा पदरी असते, त्यातला एकच पदर सुटा करा आणि पात्यांच्या अगदी टोकाने कापा. टोक सरळ तुटलं तर ठीक. दोरा पात्यांच्या मधे दुमडला किंवा कापलेलं टोक पिंजारलं, तर पुढचे सहा महिने सुई ओवताना तुम्ही त्या टोकाला थुंकी लावत बसणार. दुकानदार नाक मुरडेल, मुरडू दे. नंतर ओलसर मलमलीची चिंधीही टोकानेच कापून बघा. शेवटच्या क्षणी कापड अडकलं की समजा, टोकं भिडत नाहीत.

आता नावांचं. मेरठच्या कात्र्यांना 2013 साली भौगोलिक मानांकन मिळालं. जुन्या गाड्यांच्या स्प्रिंगपाट्यांच्या पोलादापासून त्या घडवतात आणि पुन्हा पुन्हा धार लावून वर्षानुवर्षं चालवतात. कापड बेतायला आठ-दहा इंची कात्री हवी असेल तर बेलाशक मेरठची घ्या. पण बारीक टोकासाठी मी ती सुचवणार नाही, तिची खरी ताकद मोठ्या आकारात आहे. शिवाय ते पोलाद आपल्या पावसाळ्यात, त्यातून तुम्ही कोकणात असाल तर, बघता बघता गंजतं. काम झालं की पुसायचं आणि सांध्यात शिलाई मशीनच्या तेलाचा थेंब टाकायचा.

जर्मन म्हणजे बहुतेकदा झोलिंगन या चाकू-कात्र्यांच्या शहरातली. तिथे कायदाच आहे, घडणीचं मुख्य काम त्या भागात झालं असेल तरच पात्यावर ते नाव घालता येतं. इटलीतलं प्रेमाना आणि जपानातलं सेकी ही गावंही याच कामासाठी नावाजलेली. साडेतीन ते चार इंची, बारीक टोकाची यातली कुठलीही कात्री आयुष्यभराची सोबत आहे. परदेशातून कोणी येणार असेल तर मागवून घ्या. इथे ऑनलाइन घ्यायची तर विक्रेता नीट तपासा, कारण नुसतं 'जर्मन स्टील' लिहिलेल्या कात्रीचा जर्मनीशी काहीही संबंध नसू शकतो.

पण तुमच्या कामाला आणि बजेटला माझी पहिली पसंती वेगळीच आहे. शहरातल्या सर्जिकल सामानाच्या दुकानात जा आणि 'आयरिस' कात्री मागा. डोळ्याच्या नाजूक शस्त्रक्रियेसाठी बनलेली, साडेचार इंची, दोन्ही टोकं अणकुचीदार, स्टेनलेस, त्यामुळे गंजायची भीती कमी. सरळही मिळते आणि टोकाला बाक असलेलीही. परदेशी नावाच्या कात्रीपेक्षा कितीतरी स्वस्त पडते. तिथेच टाके काढायची कात्री बघा. तिच्या एका पात्याच्या टोकाशी चंद्रकोरीसारखी खाच असते. ती खाच टाक्याखाली सरकवली की दोरा आपोआप तिच्यात बसतो आणि खालच्या कापडाला धक्का लागत नाही. मॅटीवर चुकलेला टाका उसवायला याहून सोयीचं हत्यार मी पाहिलेलं नाही. सीम रिपर, म्हणजे शिवण उसवायचं टोकदार हत्यार, क्रॉस स्टिचला वापरू नका, तो हातशिलाई आणि मशीनच्या लांब टाक्यांसाठी ठीक आहे.

कटवर्कबद्दल थोडं सविस्तर लिहिते, कारण तिथे चूक झाली की ती भरून येत नाही. काजटाक्याच्या आतलं कापड काढताना आधी मधोमध छोटी चीर द्या, मग तिथून कडेकडे कापत या. कात्री कापडाला जवळजवळ आडवी धरायची, आणि खालचं पातं टाक्यांच्या कडेला टेकून सरकवायचं. बाकदार टोकाची कात्री असेल तर बाक वरच्या बाजूला, म्हणजे टोक कापडापासून उचललेलं राहतं आणि टाक्यात घुसत नाही. पुढे हार्डेंगर, म्हणजे कापडाचे धागे मोजून कापायचं नॉर्वेचं भरतकाम, कराल तेव्हा तर प्रत्येक वेळी मोजून चार धागे कापायचे असतात, तेही भरीव टाक्यांच्या टोकाशी, बाजूने कधीच नाही. खालचं पातं घाला, चार धागे मोजा, पात्याचं टोक पलीकडे बाहेर आलेलं डोळ्यांनी बघा, आणि मगच मिटा. टोक जाड असेल तर तीनच धागे बसतात किंवा पाचवा ओढला जातो. कात्री बारीक हवी ती यासाठी.

आरीच्या कामाला ही बारीक टोकाची कात्री अजिबात लावू नका. जर, कसब, सगळ्यात धातू असतो. एका दिवसात पात्याला खाचा पडतात आणि मग ती रेशीम ओढायला लागते. ती चावणारी सोनेरी कात्री फेकू नका, जरीसाठी तीच राहू द्या. मोती-टिकल्या ओवलेला दोराही तिनेच कापा. टेलरचा दोऱ्याचा कटर मशीनवर शिवताना फार सोयीचा, कारण तो एका हाताने पटकन उचलता येतो. पण कटवर्कला आणि कापडालगत दोरा कापायला त्याचं टोक पुरेसं बारीक नसतं, त्यामुळे तुमची एकुलती एक कात्री म्हणून तो घेऊ नका.

धार गेली की अ‍ॅल्युमिनियम फॉइल नाहीतर पॉलिश पेपर कापा, असं घरोघरी सांगतात. त्याने काठावरचे खरबरीत कण निघतात, धार येत नाही, आणि बारीक टोकाची वाट लागते. दारावर येणाऱ्या सायकलवाल्याच्या चाकावरही ही कात्री देऊ नका. विळी-सुरीला तो उत्तम, पण पात्याची आतली किंचित खोलगट बाजू चाकावर सपाट झाली की पाती पुन्हा कधी भिडत नाहीत. सलूनच्या कात्र्यांना धार लावणारे कारागीर मोठ्या शहरांत असतात. त्यांना पात्याचा बाक कळतो, त्यांच्याकडे द्या. घरात मात्र लपवून ठेवा. दुधाची पिशवी कापायला ती कोण उचलेल सांगता येत नाही.

आता लेकीचं. कात्री कशीही उलटीपालटी केली तरी वरचं पातं एकाच बाजूला राहतं, नेहमीच्या कात्रीत ते उजवीकडे. उजव्या हाताने दाबताना अंगठा आणि बोटं नकळत पाती एकमेकांवर दाबतात. डाव्या हातात तोच दाब पाती एकमेकांपासून दूर ढकलतो, मधे दोरा दुमडतो, आणि कापायची जागा वरच्या पात्याआड जाते. मूल बिचारं म्हणतं मला जमत नाही. म्हणून नुसती मूठ 'दोन्ही हातांसाठी' असलेली कात्री घेऊन फसू नका, पाती उलट बसवलेली हवीत. म्हणजे कात्री टोक पुढे करून धरल्यावर वरचं पातं डावीकडे दिसलं पाहिजे. शाळकरी वयासाठी आधी डावखुऱ्यांची, बोथट टोकाची कागदाची कात्री देऊन हात बसू द्या, ती स्टेशनरीच्या दुकानात सहज मिळते. बारीक टोकाची डावखुरी कात्री इथे शोधावी लागते, बहुतेक वेळा बाहेरूनच मागवावी लागते. तोवर तिला दोऱ्याचा कटर द्या. त्यात बोटांची कडी नसल्याने डाव्या हाताला तो निदान इतका अडत नाही.