'वनस्पतिजन्य स्त्रीसंप्रेरके' म्हणावे का?

गंगापूर रोडवरच्या एक ताई पालकांसाठीचं आहारपत्रक मराठीत करताहेत. त्यात त्यांनी लिहिलंय : 'सोयाबीनमधील वनस्पतिजन्य स्त्रीसंप्रेरकांमुळे मुलग्यांच्या पुरुषत्वावर परिणाम होतो.' फायटोइस्ट्रोजेनला (वनस्पतींतल्या इस्ट्रोजेनसारख्या द्रव्यांना) हा प्रतिशब्द चालेल का, असं त्यांनी विचारलंय.

ताई, 'वनस्पतिजन्य' राहू द्या. 'स्त्री' काढा, आणि जमलं तर 'संप्रेरक'ही.

मूळ शब्दात बाई कुठेच नाही. ग्रीकमध्ये 'ऑइस्ट्रोस' म्हणजे गुरांना चावून सैरावैरा पळवणारी माशी. त्यावरून उन्माद, आणि पुढे 'इस्ट्रस' म्हणजे जनावराचा माज. इस्ट्रोजेन म्हणजे माज आणणारं द्रव्य. आपल्याकडे हा शब्द गोठ्यात रोजचा आहे. निफाडजवळ मामांकडे गाय सारखी हंबरायला लागली, काचेसारखा सोट (योनीतून गळणारा चिकट स्राव) दिसला, की मामी म्हणते, "माजावर आली, डॉक्टरांना फोन लावा." काहीच लक्षण दिसलं नाही तर तो 'मुका माज'. आपला 'माज'ही 'मद्' धातूतून आलेला, म्हणजे उन्मादातूनच. दोन भाषांनी एकाच अनुभवाला इतकं सारखं नाव द्यावं, याचं मला फार अप्रूप वाटतं.

'स्त्रीसंप्रेरक' हे नाव शास्त्रालाही धरून नाही. संप्रेरकांचे संशोधक बर्नहार्ड झोंडेक यांना १९३४ साली घोड्याच्या, म्हणजे नराच्या मूत्रात भरपूर इस्ट्रोजेन सापडलं. पुरुषाचं शरीरही टेस्टोस्टेरॉनपासून इस्ट्रोजेन बनवतं आणि त्याच्या हाडांना ते लागतं. 'स्त्री' म्हटलं की वाचणाऱ्याच्या मनात मुलगा बायकी होण्याची भीती आधी उभी राहते, पुढचं वाक्य तो त्या भीतीतूनच वाचतो.

आता 'संप्रेरक'. शरीरातली ग्रंथी जे तयार करते आणि रक्तातून दुसऱ्या अवयवाला चालना द्यायला पाठवते, ते संप्रेरक. सोयाबीनमधली जेनिस्टीन आणि डेडझीन ही द्रव्यं तशी नाहीत. सोयाबीनचं रोप उपटून पाहा, मुळांवर गाठी दिसतील. त्या गाठी करणाऱ्या जिवाणूंना मुळं याच द्रव्यांनी खूण देतात. त्यांची घडण इस्ट्रोजेनशी जुळते, म्हणून आपल्या पेशींत इस्ट्रोजेन जिथे बसतं, त्या जागांवर (शास्त्राच्या भाषेत 'ग्राहकां'वर) ती बसतात. जोर मात्र बराच कमी. म्हणून मी 'वनस्पतिजन्य इस्ट्रोजेनसम द्रव्ये' लिहीन. लांबलचक आहे खरं, पण खोटं नाही. आणि ती एकट्या सोयाबीनची मक्तेदारी नव्हे : जवस-तिळात त्यांचा दुसरा प्रकार आहे, गुरांच्या लसूणघासात तिसरा.

भीती अगदी निराधार आहे असंही नाही. १९४०च्या दशकात पश्चिम ऑस्ट्रेलियात अशी द्रव्यं असलेल्या एका जातीच्या क्लोव्हर या चाऱ्यावर चरणाऱ्या मेंढ्या गाभण राहीनाशा झाल्या. मेंढ्यांच्या खच्ची केलेल्या नरांनाही दूध सुटलं. पण ती जनावरं दिवसभर तेच खात होती.

तुमच्या वाक्यातला मला सर्वांत खटकलेला शब्द 'पुरुषत्व'. वृषणांची वाढ, टेस्टोस्टेरॉन, शुक्राणूंची संख्या, की मिसरूड आणि आवाज? या एका शब्दात सगळं कालवलं जातं. संशोधन मात्र वयाप्रमाणे वेगळं बोलतं. जन्मानंतरचे पहिले काही महिने मुलग्याच्या शरीरात टेस्टोस्टेरॉन उसळतं. सोयापासून केलेल्या पावडरच्या दुधावरच वाढणाऱ्या बाळाच्या पोटात वजनाच्या मानाने ही द्रव्यं मोठ्या माणसापेक्षा कितीतरी जास्त जातात. एडिंबराच्या संशोधकांनी मार्मोसेट माकडांच्या नरपिल्लांना असं दूध दिलं, तेव्हा या काळातलं टेस्टोस्टेरॉन कमी आढळलं (२००२). पुढे ती वयात नीट आली आणि त्यांना पिल्लंही झाली. प्रौढ पुरुषांवरच्या चाचण्या एकत्र करून पाहिल्या, तर सोयाने टेस्टोस्टेरॉन बदलल्याचं दिसलं नाही. तान्ह्याची गोष्ट वेगळी आणि डब्यात सोयावडीची भाजी नेणाऱ्या सातवीतल्या मुलाची वेगळी.

मी वाक्य असं करीन : 'सोयाबीनमध्ये वनस्पतिजन्य इस्ट्रोजेनसम द्रव्ये असतात. केवळ सोयायुक्त पावडरच्या दुधावर वाढणाऱ्या तान्ह्या मुलग्यांच्या प्रजननसंस्थेच्या वाढीवर त्यांचा काय परिणाम होतो, याचा अभ्यास चालू आहे. असे दूध बालरोगतज्ज्ञांना विचारूनच द्यावे.' 'मुलग्यांच्या' तुम्ही अचूक लिहिलंय, ते तसंच ठेवा. 'मुलांच्या' केलंत तर मुलीही त्यात येतील.