मांजर पंधरा दिवस बाहेर ठेवून दम्याचं कारण कळत नाही

तुमचा प्रश्न वाचला. आठ वर्षांचा दमा, वन बीएचके, दोन मांजरं. डॉक्टर म्हणतात देऊन टाका, आणि तुम्ही ती पंधरा दिवस मावशीकडे पाठवून "फरक पडतो का बघू" म्हणताय. बाकीचं नंतर बोलू, आधी हा बेत रद्द करा.

आमच्याकडे एका दवाखान्याच्या सांगण्यावरून हेच केलं होतं. पंधरा दिवसांत फरक दिसला नाही, "मांजराचा संबंध नाही" असं केसपेपरवर आलं आणि पुढचं दीड वर्ष फक्त इनहेलरचा डोस वाढत गेला. तो कागद पुढच्या प्रत्येक डॉक्टरांनी खरा धरला, हे जास्त महागात पडलं.

त्रास केसांचा नसतो, म्हणून "आखूड केसांची जात घ्या" हा सल्लाही सोडून द्या. मांजराच्या लाळेत आणि कातडीतल्या तेलग्रंथींत फेल डी १ नावाचं प्रथिन तयार होतं. मांजर अंग चाटतं, लाळ वाळते आणि कोंड्याबरोबर सुटते. हे कण तासन् तास हवेत तरंगतात, भिंतीला, पडद्यांना, कापसाच्या गादीला चिकटून राहतात. मांजर गेल्यावर घरातलं प्रमाण खरोखर खाली यायला चार ते सहा महिने लागतात. म्हणजे पंधराव्या दिवशी मांजर मावशीकडे असलं तरी तुम्ही श्वास त्याच मांजराच्या घरात घेत असता. आणि समजा बरं वाटलंच, तरी पावसाळा सरून भिंतीची ओल वाळली म्हणूनही वाटू शकतं.

उलट करा. मांजरं घरात राहू देत, बाहेर तुम्ही जा. पीक फ्लो मीटर घ्या, म्हणजे फुंकर किती जोराची बसते ते आकड्यात दाखवणारी नळी. रोज सकाळ-संध्याकाळ, इनहेलर घेण्याआधी, उभं राहून तीनदा फुंकायचं आणि सर्वांत मोठा आकडा वहीत लिहायचा. दोन आठवडे घरी, दोन आठवडे मांजर नसलेल्या घरी, मग परत दोन आठवडे घरी. औषधं तिन्ही वेळा तीच. जाताना कपडे धुतलेले न्या, घरची चादर, उशी, गोधडी नेऊ नका. नाहीतर मांजर सोबत नेल्यासारखंच. जिथे जाल तिथे कुणी सिगारेट ओढणारं नको. परत आल्यावर आकडे किती आणि किती लवकर पडतात, ते सगळ्यांत बोलकं असतं. एक धोका मात्र आहे: काही दिवस लांब राहून परतलं की त्रास एकदम उसळू शकतो. तेव्हा रिलीव्हर, म्हणजे दम लागल्यावर लगेच आराम देणारा इनहेलर, खिशात हवा. आकडा तुमच्या सर्वोत्तमाच्या ८० टक्क्यांखाली गेला तर डॉक्टरांनी ठरवून दिलेलं करा. ५० टक्क्यांखाली गेला तर रिलीव्हर घेऊन थेट दवाखाना. गेल्या वर्षभरात अॅडमिट व्हावं लागलं असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय हे करूच नका. मी डॉक्टर नाही.

अॅलर्जीसाठी त्वचेवरची टोचून करायची चाचणी करणार असाल तर सेट्रिझिनसारख्या अॅलर्जीच्या गोळ्या साधारण आठवडाभर आधी बंद ठेवाव्या लागतात, हे बऱ्याच ठिकाणी सांगतच नाहीत, आणि मग चाचणी खोटी निगेटिव्ह येते. रक्तातल्या आयजीईच्या (अॅलर्जीत वाढणाऱ्या प्रतिपिंडाच्या) चाचणीला ती अट नाही. केसांचा नमुना घेऊन दोनशे पदार्थांची यादी देणाऱ्यांना एक रुपयाही देऊ नका.

मांजरं राहणार असतील तर माझ्या मते एकच नियम खरा कामाचा: झोपायच्या खोलीत मांजर नाही. "दिवसा चालेल, रात्री नाही" हेही नाही, कारण दुपारी उशीवर झोपलेलं मांजर रात्री तिथेच असतं. गादी-उशीला चेन असलेलं, कोंडा न झिरपणारं कव्हर घाला. पंख्याच्या पात्यांची वरची बाजू ओल्या फडक्याने पुसा. तिथे राखाडी लोकरीसारखा थर साचतो आणि पंखा लावला की तोच खोलीभर होतो. कोरडा झाडू बंद, ओलं पुसणं चालू. आंघोळ घालून फारसं साधत नाही, दोन-तीन दिवसांत प्रमाण पूर्ववत होतं. बोक्याची नसबंदी राहिली असेल तर करून घ्या, त्याने प्रथिन कमी तयार होतं.

प्युरिफायर घेताना गणित करा. १० बाय १२ फुटांची, साडेनऊ फूट उंच खोली म्हणजे सुमारे ३२ घनमीटर. तासाला पाच वेळा हवा गाळायची तर १६० घनमीटर सीएडीआर (प्युरिफायर तासाला किती स्वच्छ हवा देतो तो आकडा) लागतो. पण डब्यावरचा आकडा सर्वांत वरच्या वेगाचा असतो, आणि त्या आवाजात कुणी झोपत नाही. म्हणून २५०च्या वरचं घ्या, हेपा म्हणजे अगदी बारीक कण अडवणाऱ्या फिल्टरचं. ओझोन सोडणारं नको, ओझोनने श्वासनलिका आणखी चिडते.

मांजराच्या शी-शूच्या ट्रेमधलं लिटर बेंटोनाइट मातीचं असेल तर ओतताना उडणारी पांढरी धूळ बघा. लाकडाच्या किंवा टोफूच्या गोळ्यांवर या, आणि पिशवीचं तोंड ट्रेला टेकवून हळू ओता. शक्यतो घरातल्या दुसऱ्या कुणी, नाहीतर एन-९५ लावून. मूत साचून येणारा अमोनियाचा वास हा मास्क अडवत नाही, त्यामुळे खडे रोज काढायचेच. बंद बाथरूममध्ये ट्रे असेल तर एक्झॉस्ट चालू ठेवा.

उदबत्ती, धूप, डासांची कॉइल या घरात नकोच. निलगिरीचं तेल घालून वाफ घेत असाल तर तेही बंद करा: तुम्हाला ठसका लागेल आणि मांजराला ते विषारी आहे. फिनेलचंही तसंच. पुसलेल्या फरशीवर चालून मांजर पंजे चाटतं.

इनहेलरचं टोपण लावल्याशिवाय तो कुठेही ठेवू नका, स्पेसर (इनहेलरला जोडायची पोकळ नळी) डब्यात. फवारण्याआधी इनहेलरच्या तोंडात डोकावून बघा, अडकलेला केस थेट घशात जातो. खिडकीत किंवा एसीच्या कट्ट्यावर कबुतरं बसत असतील तर तेही डॉक्टरांना आवर्जून सांगा. त्यांच्या विष्ठेच्या आणि पिसांच्या धुळीने फुप्फुसाचा वेगळाच, दम्यासारखा वाटणारा आजार होतो, आणि दोष मांजरावर जातो.

मीटर आणलात की पहिल्या आठवड्याचे आकडे, वेळेसकट, इथे लिहा.